कात्रजला गेलेले मजले

पुण्यातल्या ज्या कसबा पेठेत बादलीभर पाण्यावरून सकाळी सकाळी भांडणं जुंपतात, तिथे रामदास बहिरटांच्या मंगल कार्यालयाची टाकी रोज तासभर भरून वाहायची! पाणी मागच्या भिंतीवरून ओघळायचं. विटा भिजायच्या, चुना फुगायचा. वाचकहो, हा निष्काळजीपणा असता तर समजावून सांगता आलं असतं. पण हा ठरवून केलेला बेत होता.

बहिरटांचं कार्यालय शंभर वर्षांपूर्वीचं. सागवानी खांब, कोरीव सज्जा आणि मागे नवरीच्या खोलीत गौरीहर पूजायचा दगडी कोनाडा. पेठेतल्या कितीतरी मुली त्या कोनाड्यासमोर पाटावर बसल्या आणि मामाचा हात धरून बोहल्यावर गेल्या. इमारत महापालिकेच्या वारसा यादीत होती, म्हणजे पाडायची सोय नाही. मात्र ‘धोकादायक’ ठरली, तर पाडता येईल असा रामदासरावांचा हिशेब होता. ही युक्ती त्यांनीच पहिल्यांदा काढली असंही नाही. कुणी कौलं सरकवून ठेवतो, कुणी गुपचूप वासा कापतो आणि मग चारचौघांत हळहळतो, “काय करणार, इमारतच जुनी!”

त्यांची अडचण खोटी नव्हती. हल्ली लग्नं लॉनवर होतात, कारण तिथे पार्किंग असतं. खुद्द रामदासरावांच्या पुतण्याने काकाचं कार्यालय सोडून लॉन घेतलं आणि वर काकांनाच आग्रहाचं आमंत्रण दिलं! इकडे पत्नी दीपमालाबाईंचे गुडघे दुखत होते. कार्यालयाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचं, तर तो उभा लाकडी जिना दिवसातून कितीदा चढायचा? लिफ्टवाला फ्लॅट हवा, एवढंच त्या माउलीचं मागणं होतं.

समोर श्यामलाकाकू राहत. नगररचना खात्यातून निवृत्त झालेल्या, जिभेने मात्र अजून नोकरीवर असलेल्या. त्यांनी आपल्या गॅलरीला पाटी लावली होती: ‘समोरील धबधबा बारमाही आहे. पर्यटकांनी मालकांचे आभार मानावेत.’

त्या बुधवारी अकरा वाजता महापालिकेच्या अभियंता पाहणीला येणार होत्या. दहाच्या सुमारास बिल्डर दिग्विजय नव्या इमारतीच्या नकाशांची गुंडाळी घेऊन हजर झाला आणि त्याच्या मागोमाग, कुणी न बोलावता, काकू आल्या.

“दीपमाला, चहा टाक. आज तुमच्याकडे श्राद्ध आहे म्हणे!”

“अहो काकू, काहीतरीच काय!” दीपमालाबाई दचकल्या.

“मग हे नकाशे कसले?” काकू रामदासरावांकडे वळल्या. “रामदास, खरं सांग, तुला हवंय काय? इमारत पाडायचीय, की चार पैसे आणि लिफ्ट हवीय?”

“दोन्ही एकच ना काकू.”

“इथेच सगळे फसतात! अरे, या जागेवर नियमाने जेवढं बांधता येतं, तेवढं तुझ्या आजोबांनी बांधलंच नाही. उरलेला बांधकामाचा हक्क तुझाच आहे. वारसा इमारत असल्यामुळे तो इथे वापरता येत नाही, म्हणून तो कागदावर घ्यायचा आणि दुसऱ्या जागेवर वापरायला विकायचा. टीडीआर!”

“तो रस्तारुंदीत जागा गेलेल्यांना मिळतो,” रामदासराव म्हणाले.

“वारसा इमारतींनाही मिळतो, पण अर्ज कोण करणार? अट एवढीच की इमारत जागेवर उभी हवी आणि मालकाने ती जपायला हवी. मजले इथून उचलायचे, दुसरीकडे ठेवायचे आणि कार्यालय तुझं ते तुझंच!”

दिग्विजय खुर्चीतून उठलाच. “काकू, सिरियसली? माझ्या कात्रजच्या स्कीमला दोन मजले कमी पडतायत. मी टीडीआरच शोधतोय!”

“मग तोंडात गुळणी धरली होतीस का?”

“मला वाटलं, काकांना इमारतच नकोय. खरं सांगू? या गल्लीत काँक्रीटचा मिक्सर आत कसा आणायचा, या विचाराने मला झोप नाही.”

रामदासराव मनात हिशेब करू लागले. कार्यालय राहील, फ्लॅटही होईल! आणि आपण काय करून बसलो? तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अभियंता निशा जाधव वेळेआधीच आल्या होत्या!

सगळ्यांना घेऊन त्या थेट खाली नवरीच्या खोलीत गेल्या. भिंतीवर नुसतं बोट टेकवलं, तर गिलाव्याचा पोपडा कोनाड्यात पडला. “फारच जीर्ण झालीय,” त्या म्हणाल्या आणि पेन उघडलं. ‘धोकादायक’ हा एक शब्द लिहिला जायचा अवकाश होता.

“थांबा मॅडम!” रामदासराव ओरडले. “भिंत जीर्ण नाही. मी भिजवलीय! वर्षभर टाकीचा व्हॉल्व्ह मीच उघडा ठेवतोय.”

निशाताईंनी पेन वर उचललं. मग दीपमालाबाईंचा आवाज फुटला.

“तुम्ही? वर्षभर मी त्या प्लंबरला शिव्या घालतेय आणि तुम्ही? अहो, याच कोनाड्यासमोर बसले होते मी, मुठीत तांदूळ धरून! लिफ्ट मागितली होती मी तुमच्याकडे. हे नव्हतं मागितलं!”

रामदासरावांना लाजेने मान वर करवेना. ते तसेच धावत गच्चीवर गेले आणि दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह घट्ट बंद केला. खाली ठिबकणारं पाणी थांबलं.

निशाताईंनी भिंत पुन्हा ठोकून पाहिली. “विटा शाबूत दिसतायत. चुन्याची भिंत आहे, वाळेल. नीट तपासणी करून घ्या. मी ‘दुरुस्तीयोग्य’ लिहिते.” पेन बंद करत त्या म्हणाल्या, “पाणी वाया घालवल्याची नोटीस मात्र वेगळी येईल.”

“येऊ दे! फ्रेम करून लावू,” काकू म्हणाल्या.

पुढे फाईल लक्ष्मी रोडवरच्या गर्दीत अडकलेल्या गाडीच्या वेगाने सरकली. वारसा समिती, नकाशे, हमीपत्रं, पुन्हा नकाशे. दिग्विजय आणि काकू यांनी खात्याच्या पायऱ्या झिजवल्या. वर्ष उलटून गेल्यावर हक्काचा दाखला हातात पडला, तेव्हा रामदासरावांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले! दिग्विजयने हक्क विकत घेतला, कात्रजची इमारत दोन मजल्यांनी वाढली आणि त्यातल्याच एका मजल्यावर दीपमालाबाईंचा फ्लॅट झाला. लिफ्टचं बटण त्या अजूनही कौतुकाने दाबतात. पेठेत चढले नाहीत ते मजले त्यांना तिथे मिळाले.

परवा कार्यालयात दुरुस्तीनंतरचं पहिलं लग्न लागलं. काकूंची नात अक्षता कोनाड्यासमोर पाटावर बसली होती. भिंत कोरडी होती, नव्या चुन्याने पांढरी. मामा तिला न्यायला आला तेव्हा दारात उभे असलेले रामदासराव घळाघळा रडले, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

नागरिकहो, तुमच्याही गल्लीत एखादी जुनी भिंत अशीच हळूहळू भिजत असेल. तिच्या मालकाला नुसती नावं ठेवू नका, त्याची अडचणही खरी असते. त्याला हा मार्ग सांगा आणि अर्ज करायला त्याच्यासोबत जा. शहर वाढायलाच हवं, पण त्यासाठी दरवेळी शहराचं काळीज पाडावं लागत नाही.

आणि हो, काकूंनी पाटी बदललीय: ‘धबधबा कायमचा बंद. कार्यालय चालू. पर्यटकांनी आता लग्न जमवूनच यावे.’