सँडलची मानकरीण

उद्या सकाळी एउलालियाला रेडिओवर सांगायचं होतं, की राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार लेआंद्रो तिनाहेरो नक्की कुठल्या विचारांचा आहे आणि निवडून आला तर काय करेल. आणि आज ती त्याच्याच मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला, मांडीवर सँडलचा खोका घेऊन बसली होती.

त्या मुलीला, यूनुएनला, बाप्तिस्म्याच्या वेळी हिनंच हातात धरलं होतं. तेव्हापासून ही तिची माद्रिना, धर्माची आई, आणि लेआंद्रोची कोमाद्रे; तो हिचा कोम्पाद्रे. नातं सख्ख्या भावंडांपेक्षा घट्ट. या नात्यात चारचौघांत एकमेकांबद्दल वाकडं बोलत नाहीत. या उरुआपान शहरात तर नाहीच नाही. पण तिच्या वस्तीतल्या बायका टँकरच्या रांगेत तिचा कार्यक्रम ऐकूनच मत ठरवायच्या, त्याचं काय?

लेआंद्रोची भाषणं सगळी ऐकून झाली होती. डोंगरातल्या गावांत हा म्हणायचा, पाणी लोकांचं. मोंतेर्रेच्या कारखानदारांपुढे म्हणायचा, तुमच्या पैशाला धक्का लागणार नाही. तिची टिपणं आपसात भांडत होती. बुटातला अंगठा सारखा वळवळत होता.

"केकचे मानकरी!" माईकवाला ओरडला. ज्यानं जे दिलं, तो त्याचा मानकरी, अशी रीत. अवोकाडोच्या बागांचे मालक उठले. यांच्या विहिरी खोल गेल्या आणि वस्तीचा झरा आटला. टाळ्या. "बँडचे मानकरी!" निवृत्त जनरलसाहेब. "झग्याचे मानकरी!" शिक्षक संघटनेचे पुढारी.

शेजारची रेफुहिओ कुजबुजली, "अगं बाई, सगळं दुसऱ्यांनीच दिलं. मग बापानं काय केलं?"

"टाळ्या वाजवल्या की."

दोघी हसल्या, पण एउलालियाचं हसू अर्ध्यावरच राहिलं. म्हणजे शिक्षकांचे पगार वाढणार, पेन्शनही; तेवढ्यापुरता हा डावा. लष्कर रस्त्यावरच राहणार. आणि पाणी बागांना. की आपणच उगाच जाळं विणतोय? केक दिला म्हणून कुणी देश लिहून देतं का? ती उठली, पुन्हा बसली.

"कोमाद्रे, तुम्ही जेवलाच नाहीत!" लेआंद्रो समोर उभा. "उद्या काय सांगताय माझ्याबद्दल?"

"आधी तुम्ही सांगा. खोल विहिरी बंद करणार?"

त्याची नजर केकच्या टेबलाकडे गेली आणि परत आली. "आज पोरीचा दिवस आहे हो. पाण्याचं बसून बघू सगळ्यांबरोबर."

"सगळ्यांबरोबर म्हणजे या मानकऱ्यांबरोबर?"

"जीभ अजून शाळेतलीच तुमची!" तो हसला, पण तिच्या खांद्यावरचा हात त्यानं काढून घेतला.

"मी आज पाहिलं तेवढंच सांगणार, कोम्पाद्रे. कोण कशाचे मानकरी, ते."

"मग स्वतःचंही सांगा."

"सांगणार. सँडल माझे."

तेवढ्यात माईकवाल्यानं तिचंच नाव पुकारलं. यूनुएन खुर्चीत पाय पुढे करून बसली होती. पोर मोठी झाली, की सपाट बूट काढायचे, पहिल्यांदा उंच टाचा चढवायच्या. एउलालिया गुडघ्यांवर बसली. बक्कल काही केल्या लागेना.

"माद्रिना, घट्ट आहे का?" पोरगी वाकून म्हणाली. "उद्या दुपारी उरलेलं गरम करून खायला येणार ना? दरवेळी तुम्हीच तर जास्त खाता!"

बक्कल लागलं. एउलालियानं तिच्या पावलावरून एकदा हात फिरवला.

"सकाळी रेडिओ लाव," ती म्हणाली, "आणि मग बाबांना विचार, माझं ताट मांडायचं का."