कोरा ठेवलेला फळा

मित्रांनो, फळा म्हटले की तुम्हाला शाळा आठवते. मी मात्र जन्मात कधी पाढे पाहिले नाहीत. मी पाणीपुरवठा कचेरीच्या दारातला एक जुना फळा आहे. भिंतीला टांगलेला असूनही मला घटकाभर चैन पडत नाही.

सुताराने जाड फळ्या सांधून मला घडवले आणि काळा रंग दिला. शहराचे पाणी रोज तपासायचे आणि निकाल लोकांना दिसेल असा लिहायचा, असा नियमच होता. तपासणीस बाई सकाळी बाहेर येत, ओल्या फडक्याने मला पुसत आणि ठसठशीत अक्षरांत लिहीत, 'पाणी पिण्यास योग्य.' कधी 'पाणी उकळून प्या.' त्या दिवशी लोक कुरकुरत, पण घरी जाऊन पाण्याचे पातेले शेगडीवर चढवत. एक निवृत्त आजोबा म्हणत, हा फळा कडू बोलतो, पण खोटे बोलत नाही. ते ऐकून माझी छाती फुगायची.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण वरून येणाऱ्या फोनची त्यांना धास्ती. 'उकळून प्या' लिहिले की लोक बोंब मारतात आणि वरचे जाब विचारतात. तेव्हा निकाल चांगला असेल तरच लिहा, असे त्यांनी बाईंना बजावले. बाईंनी हरकत घेतली. साहेबांनी ती कानाआड केली.

मी कोरा राहू लागलो. अंगाला खाज सुटावी आणि खाजवायला हात नसावेत, तसे मला होई. लोक माझ्याकडे बघत, काही लिहिले नाही म्हणजे सारे आलबेल आहे असे धरून चालत, आणि तेच पाणी भरून नेत. मला ओरडावेसे वाटे. पण फळ्याला तोंड कुठले?

समोरच मावशींचे शिवणकामाचे दुकान होते. त्यांची गरोदर सून काविळीने दवाखान्यात गेली. गल्लीत घरोघरी तेच दुखणे. मावशी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, मग पाण्याचे निकाल विचारायला तडक आत शिरल्या. ही खात्याची आतली बाब आहे, असे सांगून कारकुनाने त्यांना वाटेला लावले. त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज दिला. उत्तर आले नाही. त्यांनी वर अपील केले. तोवर सून वाचली, पण पोटातले बाळ वाचले नाही.

सुनावणी आमच्याच कचेरीत झाली. माझ्याशेजारची खिडकी उघडी होती, म्हणून मला सारे ऐकू आले.

"लोकांना उगाच घाबरवून काय साधणार, मावशी?" साहेब म्हणाले.

"घाबरायचं का नाही, ते आमचं आम्ही ठरवू, साहेब. तुम्ही फक्त पाणी कसं आहे ते सांगा," मावशी म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "कळलं असतं तर एक पातेलं उकळलं असतं मी. तेवढंच काम होतं."

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी तिथेच हुकूम दिला, की निकाल बरा असो वा वाईट, रोज लिहायचा. आणि मागचे दडवलेलेही आजच लिहायचे.

बाई खडू घेऊन आल्या. जागा पुरेना, तसे अक्षर बारीक करत त्या लिहीत राहिल्या. लोक गोळा झाले. मावशी अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत उभ्या होत्या. पुढच्याच आठवड्यात गटाराशेजारची फुटकी जलवाहिनी सापडली आणि बदलली गेली.

आता रोज लिहिले जाते. पण वाचायला थांबतो कोण? लोक मोबाइलमध्ये डोके घालून पुढून जातात आणि माझा जीव पुन्हा खालीवर होतो.

मित्रांनो, रोज पुसून पुसून माझा रंग उडाला तर उडू द्या. पण जाता-येता मला वाचा. आणि एखाद्या सकाळी मी कोरा दिसलो, तर 'विसरले असतील' म्हणून पुढे जाऊ नका. आत जा आणि विचारा. त्याच दिवशी विचारा.