तिसऱ्या सलाईननंतर

पहिल्या दोन सलाईनमध्येच फिटरच्या मानेतल्या गाठी निम्म्यावर आल्या. बस डेपोतले लोक म्हणाले, "आता बघ, महिन्याभरात पुन्हा गाडीखाली कामाला येशील." सलाईनमधून जायची ती अँटिबॉडी, कर्करोगाच्या पेशी हुडकून त्यांना चिकटणारी. फिटरचा तिच्यावर विश्वास बसला होता.

तिसरी सलाईन होऊन आठवडा गेला आणि त्याच्या अंगावर लाल चट्टे उठले, सांधे धरले. त्यानं लांब बाह्यांचा शर्ट घातला आणि तोंडाला कुलूप लावलं. डॉक्टरांना कळलं तर औषध बंद करतील, ही धास्ती.

पण थोरल्या बहिणीच्या नजरेतून काय सुटणार? उभा जन्म नटबोल्ट खोलण्यात गेलेल्या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, हे तिनं पाहिलं होतं.

चौथ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही त्रास?"

"छे, ठणठणीत आहे."

"बाह्या वर कर," ताई म्हणाली.

"ताई, तू मध्ये बोलू नकोस."

"मग तू बोल."

त्या दिवशी सलाईन लागलीच नाही. रक्त तपासायला गेलं. चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट समोर ठेवला. "या औषधाचा काही भाग उंदराच्या अँटिबॉडीचा आहे. तुमच्या शरीरानं त्याला परकं ठरवलं आणि त्याच्याविरुद्ध स्वतःच्या अँटिबॉडी बनवल्या. रक्तात औषध उरलंच नाहीये. गाठीही पुन्हा वाढायला लागल्यात."

"म्हणजे माझी प्रतिकारशक्ती चांगली आहे म्हणायची."

"चांगली आहे. पण औषध आणि शत्रू यातला फरक तिला कळत नाही. चौथी सलाईन दिली असती तर जिवावर बेतलं असतं."

फिटर बहिणीशी नऊ दिवस बोलला नाही. ती रोज डबा ठेवून जायची, तो रिकामा करून ठेवायचा. दहाव्या दिवशी तो म्हणाला, "भाजीत मीठ जास्त होतं."

"काल का नाही सांगितलंस?"

"काल बोलत नव्हतो."

मग माणसाच्या अँटिबॉडीशी अधिक मिळतंजुळतं औषध सुरू झालं. त्याच्याविरुद्धही शरीर उठू शकतं, म्हणून दर खेपेला रक्त तपासलं जाई. तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये एकच गाठ उरली होती, हरभऱ्याएवढी. ती आणखी घटेल की तशीच राहील, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही. फिटरनंही विचारलं नाही. सोमवारपासून तो अर्धा दिवस कामावर जाऊ लागला.