माझ्यात फक्त पाणी होतं

मी पार्वताबाईच्या घरचा पितळी गडवा बोलतोय. सध्या फळीवर पालथा आहे, त्यामुळे आवाज जरा कोंडल्यासारखा येईल.

माझा जन्म भंडाऱ्याचा. हातोडीचे ठोके खाऊन मला पोट आलं, गळा आला. पार्वताबाईचा पोरगा जीवन फौजेत निघाला, तेव्हा वरठी स्टेशनवर माझ्यातलंच पाणी प्यायला. उरलेलं त्याने डोक्यावर ओतून घेतलं आणि रडणाऱ्या मायला हसवलं.

पुढे सीमेवर लढाई झाली. जीवन परत आला तो पेटीतून. त्याच्या पाठोपाठ गावात एक बोलणं आलं, की त्याच्या तुकडीने हुकूम नसतानाच चौकी सोडली होती. तोंडावर कोणी काही बोलत नसे. शेजारचा ताराचंद मात्र पानठेल्यावर म्हणालाच, "पोट्टा पळाला असन." तेव्हापासून पार्वताबाई सव्वीस जानेवारीला शाळेकडे फिरकली नाही.

यंदा उन्हाळ्यात दारात दोन गाड्या थांबल्या. त्या लढाईच्या वेळी दिल्लीत संरक्षण खात्याच्या मोठ्या खुर्चीवर असलेले आनंदराव साहेब आले होते. आता निवृत्त, काठी टेकत चालणारे. त्या युद्धाबद्दल आज त्यांना काय वाटतं, यावर माहितीपट निघत होता.

दारी आलेल्याला आधी पाणी, ही इथली रीत. वैरी असला तरी. पार्वताबाईने मला माठातून भरलं आणि साहेबांपुढे धरलं. कॅमेरावाल्यांना ते फार आवडलं. "आजी, पुन्हा एकदा द्या ना," दिग्दर्शिका बाई म्हणाली. मग आणखी एकदा, बाजूने. तहान नसताना साहेब प्यायले.

मग पार्वताबाई समोर बसली.

"साहेब, एकच सांगा. माया पोरगा पळाला होता का?"

मी अजून साहेबांच्या हातातच होतो.

"नाही," ते म्हणाले. "परत फिरायचा हुकूम माझ्या टेबलावर होता. मी तो रात्रभर अडवून ठेवला. तुमची मुलं हुकूम मिळाल्यावरच उठली. तोवर फार उशीर झाला होता."

ती रडली नाही. "हे गावाले ऐकू येईन ना?" एवढंच तिने विचारलं. दिग्दर्शिका बाईने मान हलवली.

परवा समाजमंदिरात पडदा लागला. पार्वताबाई पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. ताराचंदला तिनेच बोलावून आणलं होतं. कोणाला तहान लागेल म्हणून मलाही भरून नेलं होतं.

पडद्यावर वैनगंगा वाहिली. साहेब युद्धाच्या व्यर्थपणाबद्दल छान बोलले. मग मी आलो, भिंतीएवढा, चमचमता. साहेबांच्या घशातून पाणी उतरताना दिसलं आणि मागून आवाज आला, 'एका आईने क्षमा केली.' संपलं. तिचा प्रश्न नव्हता. त्यांचं उत्तरही नव्हतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मोठ्या मनाच्या निघाल्या काकू," ताराचंद म्हणाला. "माफ करून टाकलं त्यायले."

"मी पाणी देल्लं. माफ कोनं केलं?"

"तसंच असन. पण पोट्ट्याचं काही सांगितलं नाही साहेबानं."

सांगितलं होतं, ती म्हणाली. मायच ती, तसंच म्हणणार, असं लोकांच्या तोंडावर दिसत होतं. लेक रत्नमालाने लगेच फोन लावला. दिग्दर्शिका बाई गोड आवाजात म्हणाली, लांबी वाढत होती, आणि पाण्याच्या दृश्यात सगळं आलंच की ताई.

घरी येऊन पार्वताबाईने मला चिंचेने घासलं. गरजेपेक्षा जास्त घासलं. मग पालथं घातलं. आता दारी आलेल्याला स्टीलच्या पेल्यातून पाणी मिळतं. पाणी तिने बंद केलेलं नाही.

तो माहितीपट तुमच्या गावीही येईल. मी चमकताना दिसेन, तुमच्या शेजारी बसलेल्याचे डोळे भरून येतील. त्याला एवढं सांगा, की या भांड्यात क्षमा नव्हती. आणि जीवन पळाला नव्हता. साहेब तसं बोलले तेव्हा मी त्यांच्या हातात होतो.