बर्फाची कळ

माझ्या लेकीचे दात थोडे वाकडे होते, बाकी काही नाही. तारा लावायच्या म्हणून दातांच्या डॉक्टरांनी जबड्याचा फोटो काढला, तर खाली पुढच्या चार दातांच्या मुळांशी, हाडातच, बोराएवढी काळी पोकळी दिसली. गाठ असेल, दात काढावे लागतील, असं ते म्हणाले. ऐन सतराव्या वर्षी पोरीचे समोरचे दात! मी गप्पच बसले, आणि मी गप्प बसणं ही आमच्या घरात बातमी असते.

मग मोठ्या हॉस्पिटलमधल्या सर्जनबाईंकडे गेलो. त्यांनी बर्फाचा खडा एकेका दाताला लावला. लेक चारही वेळा कळवळली. मी चवताळून उठले, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "कळ येते म्हणजे दात जिवंत आहेत. जिवंत दात मी काढत नाही."

तिथंच त्या मला आवडल्या. अशी पोकळी क्वचित आढळते, बहुधा नुसती रिकामी असते, पण उघडून पाहिल्याशिवाय खात्री देता येत नाही, असं त्यांनी समजावलं. मुळांना धक्का लागला तर दात मरूही शकतात, हेही लपवलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी बाई ठरल्यापेक्षा फार लवकर बाहेर आल्या. मी धावतच पुढे गेले.

"आत काहीच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मग कापलंत कशाला?" माझ्या जिभेला हाड नाहीच.

त्या हसल्या. काही नसणं हेच हवं होतं म्हणे. ना गाठ, ना पू. आतून हाड खरवडून रक्त साचू दिलं आणि टाके घातले, झालं. आमचे हे सुतार. भोक बुजवल्याशिवाय यांना चैन पडत नाही. आत भरलं काय, हे यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. रक्त गोठतं, त्याच जागी हळूहळू हाड धरतं, बाई म्हणाल्या. यांना पटलं नाही. घरी पोचेपर्यंत "पोकळच शिवलं" हेच पालुपद.

माझा घोर वेगळाच होता. लेकीचा ओठ आणि ते चार दात बधिर झाले होते. मी रोज गार पाणी पुढे करायची आणि लागतंय का विचारायची. ती आधी नाही म्हणायची, मग वैतागून उत्तर द्यायचंच सोडलं तिनं.

काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढला. काळ्या जागी पांढुरकं हाड आलं होतं. यांनी तो फोटो उजेडात धरून फळी न्याहाळावी तसा न्याहाळला आणि मान डोलावली. मला त्याचं काही नव्हतं. माझं लक्ष बर्फाकडे.

बाईंनी पहिल्या दाताला खडा लावला. लेक गप्प. मी यांचा हात घट्ट धरला.

"आई गं!"

मग दुसरा, तिसरा, चौथा. दरवेळी ओरडणं वाढतच गेलं. नर्सने दारातून डोकावून पाहिलं, तर मी डोळे पुसत हसतेय.

"मला दुखतंय आणि तू हसतेस?" लेक चिडली.

"दुखू दे," मी म्हणाले. "चांगलं दुखू दे."