बर्फाची पेटी आणि हरवलेला वास

मी एक निळी बर्फाची पेटी बोलतेय. कार्ला फाट्याजवळच्या एका मासळीच्या खानावळीत, मोरीशेजारी माझी जागा आहे. झाकणाची एक बिजागरी तुटलीय आणि अंगाला मासळीचा वास कायमचा चिकटलाय. त्या वासापायी या घरात जो गोंधळ झाला, तो मला अजूनही नीट उलगडलेला नाही. तुम्हाला उलगडतो का बघा.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. मला पहिल्यांदा विकत घेतलं मुंबईच्या काही तरुणांनी. माझ्यात बर्फ आणि बिअरच्या बाटल्या भरून ते पवना धरणावर तंबू ठोकायला आले. बाटल्या रिकाम्या झाल्या तसं त्यांना माझं ओझं वाटू लागलं. निघताना मला तिथंच टाकून गेले. त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर होता धम्मदीप. त्यानं मला उचललं, विसळलं आणि घरी आणलं.

धम्मदीपचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको तेजल मावळातल्या सुदुंबऱ्याची. तिनं समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून तो तिला रेवदंड्याला घेऊन गेला. मीही गाडीत होतेच. ओहोटी लागली होती आणि एक कोळीण खडकावरची कालवं फोडत होती. तिनं एका शिंपल्यात लिंबू पिळलं आणि तो तेजलच्या हातावर ठेवला.

"आवं, हे जित्तं हाय का?" तेजल बिचकली.

"हाय. गिळ," धम्मदीप म्हणाला.

तिनं डोळे गच्च मिटून गिळलं. वर त्याच्या बाटलीतला बिअरचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा हात पुढे केला. मग ती थांबेचना. परतताना खोपोलीचा घाट चढून होईपर्यंत ती आपली बोटंच हुंगत होती.

"समुद्र लागलाय हाताला," म्हणाली.

पुढं त्यांनी खानावळ काढली. धम्मदीप पहाटे घाट उतरून खाली जाऊन मासळी आणायचा. मला दारात ठेवलं की तेजल झाकण उघडून सगळं तोंड आत घालायची, एक खोल श्वास घ्यायची आणि निवाडा द्यायची. कोणता बांगडा ठेवायचा, कोणता टाकायचा, हे तिचं नाक ठरवी. सुरमई, बोंबील, कालवाचं सुकं. लोणावळ्याला फिरायला आलेली माणसं वाट वाकडी करून यायची.

मग घरात सगळ्यांना ताप आला. आला तसा उतरला. पण तेजलचं काहीतरी बिनसलं.

"कसलं आणलंय हे? कापूस खाल्ल्यागत लागतंय."

"अगं, होडीवरनं उतरवून घेतलंय."

"मग पेटीत बिघडलं आसंल."

मला वाटलं, दोष माझाच. कुठंतरी तडा गेला असेल, गार हवा निसटत असेल. तिनं मला सोडा लावून घासलं, उन्हात वाळवलं. उपयोग नाही. रश्शात ती मीठ वाढवू लागली, कोकम वाढवू लागली. गिऱ्हाइकं ताट अर्धवट सोडून उठू लागली. धम्मदीपनं मासळीवाले बदलून पाहिले. एका रविवारी दोघं बिअर घेऊन बसली, तर तेजल म्हणाली, "ही बी बिघडलीय. नुसतं कडू पाणी."

धम्मदीपनं ग्लास खाली ठेवला. "सगळंच बिघडलंय का? उद्यापासनं तूच जा मासळीला. मी आपली गाडी चालवतो."

दोघांचं बोलणं बंद झालं. मला काही कळेना. मला तडा नव्हता, मासळी ताजी होती; माझ्याच पोटात तर होती. मग ती खोटं का बोलत होती? आणि खोटं बोलणारं माणूस एवढं केविलवाणं का दिसत होतं?

एक दिवस मासळी घेऊन परतताना घाटात पुढं एक ट्रक उलटला. आम्ही उन्हात अडकलो. माझ्यातल्या बर्फाचं पाणी झालं, पाणी कोमट झालं, आणि फोडलेल्या कालवांच्या पिशव्या त्यात तरंगू लागल्या. घरी पोचल्यावर धम्मदीपनं मला अंगणात ठेवलं आणि तापलेली गाडी बघायला तो रस्त्यावर गेला. एरवी त्यानं सांगितलं असतं, कालवं टाकून दे म्हणून. पण बोलणं बंद. झाकण उघडलं की तिला कळेलच, असं त्याला वाटलं.

आत पुण्याचं एक कुटुंब लहान लेकरांसह कालवाच्या सुक्याची वाट बघत बसलं होतं.

तेजलनं झाकण उघडलं. अंगणात तिचे सासरे सखारामआबा तांदूळ निवडत होते. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, कालवांना आयुष्यभर शेंबूड म्हणत आलेला. त्यांनी चटकन सदऱ्याचं टोक नाकाला लावलं.

"पोरी, काय मेलंय त्यात?"

तेजलनं तोंड आत घातलं, श्वास घेतला आणि हसली. "आबा, आज कुटं ताजा माल आलाय. कसलाच वास न्हाई बगा." पिशवी उचलून ती आत निघाली.

आबा उठले. "थांब. कसलाच?"

त्यांनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. कोपऱ्यातली एक बाटली उघडून तिच्या नाकाशी धरली. "डोळं मीट. काय हाय सांग."

"पाणी," तेजल म्हणाली.

डोळे उघडले तर समोर रॉकेलची बाटली.

ती माझं झाकण लावून त्यावरच बसली. मग म्हणाली, "म्हंजे ते रोज चांगलीच मासळी आणत व्हते?"

तशीच ओल्या हातांनी ती रस्त्याकडे पळाली. बॉनेट उघडून उभ्या असलेल्या धम्मदीपला काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. दोघं परत आली तेव्हा तिचा हात त्याच्या हातात होता. पाहुण्यांना अंडाकरी वाढली. कालवं शेवग्याच्या बुडाशी पुरली.

डॉक्टर म्हणाले, त्या तापानं वास गेलाय, वासाबरोबर चवही; परत येईल, कदाचित येणारही नाही. तेव्हापासून रोज सकाळी आबा मला हुंगतात. "शेंबूड हुंगायचं नशिबी आलं," म्हणतात, पण चुकवत नाहीत.

परवा दुपारी भात वाढता वाढता तेजल थांबली. "काय जळतंय?"

गॅस बंद होता. तवा गार होता. आबा घरभर हुंगत फिरले. "काय बी न्हाई."

"जळतंय की! रबर जळल्यागत."

धम्मदीपनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, वास परतताना कधी कधी असा वेडावाकडा येतो. हे ऐकून तेजल माझ्याकडे आली. आत सकाळचे ताजे बोंबील होते. तिनं तोंड आत घातलं, आणि झटक्यानं मागं सरली.

"शी! काय घाण मारतीय ही पेटी!"

आणि ती हसायला लागली, मग रडायला. माझी एवढी नालस्ती कुणी केली नव्हती, आणि मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. ताज्या मासळीला तिनं घाण का म्हणावं, आणि त्यावर आबांनी डोळे का पुसावेत, मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा मंडळी, इकडे जेवायला आलात आणि माझा वास खटकला, तर तक्रार करू नका. मला घासूनपुसून लख्ख करा, असं सांगू नका. तिला सध्या रोज कशाचा तरी वास घ्यायचाय.