दिल्लीच्या मतात नळ नसतो

औरंगपुऱ्यातल्या हैदरचा आवाज म्हणजे काय सांगावं! प्रचाराच्या जीपमधून तो भोंग्यावर बोलायला लागला की बाया तव्यावरची भाकर सोडून दारात यायच्या. आता क्रांती चौकातून रेकॉर्डिंग वाजवत गाड्या जातात, पण कुणी ढुंकूनही बघत नाही. म्हातारा हैदर ते बघतो आणि हळहळतो.

मग त्याला फर्दापूर आठवतं. विधानसभेच्या वेळी पक्षाचे तात्यासाहेब म्हणाले होते, पाण्याचं बोल. हैदरनं घसा फोडून सांगितलं, घरोघरी नळ येणार. हैदर म्हणतोय म्हटल्यावर गावानं मतं दिली. दर फेरीला त्याला तांब्याभर पाणी देणाऱ्या सरूबाईनं तर नळासाठी अंगणात ओटाच बांधून घेतला. पक्ष निवडून आला. नळ कुठला यायला!

पुढच्याच उन्हाळ्यात लोकसभा लागली. तात्यासाहेबांनी बजावलं, ही दिल्लीची निवडणूक, आता देश, सरहद्द आणि मजबूत सरकार, एवढंच बोलायचं. हैदरनं नळाचं विचारलं, तर म्हणाले, ते मुंबईचं काम, आत्ता काढायचं नाही. वा रे शहाणे! तहान काय निवडणूक बघून लागते?

जीप फर्दापुरात थांबली तेव्हा सरूबाई लांबच्या विहिरीवरून हंडा घेऊन येत होती. ओटा तसाच कोरडा पडलेला. हंडा उतरवून तिनं विचारलं, "सरहद्दीचं ऐकलं बाबा. माझ्या नळाचं काय?"

शेजारी तात्यासाहेब डोळे वटारून बसलेले. हैदरचं पोट त्यांच्याच हातात. देश देश करत पुढं निघून जाणं सोपं होतं. पण ज्या तोंडानं नळ कबूल केला, त्याच तोंडानं आता गप्प बसणं त्याला जमेना. माइक तोंडाशी धरूनच तो बोलला, "मावशी, नळाचं यांच्या मनात नाय. मी सांगितलं ते खोटं निघालं. माझ्या आवाजावर कुणी मत देऊ नका."

तात्यासाहेबांनी माइक हिसकावला, हैदरला खाली उतरवलं आणि जीप धुरळा उडवत निघून गेली. त्यानंतर कुठल्याच पक्षानं त्याला बोलावलं नाही.

त्या क्षणी मात्र हैदर रस्त्यात तसाच उभा राहिला. सरूबाईनं हंड्यातलं पाणी तांब्यात ओतलं आणि नेहमीसारखं पुढं केलं. शरमेनं त्याचा हात पुढं होईना.

"घे," ती म्हणाली. "आज घसा लई सुकला आसंल."

नळासाठी बांधलेल्या त्या ओट्यावर बसून, डोळे पुसत पुसत तो ते पाणी प्यायला.